गुरूचा हरवलेला पट्टा

हिंजवडीत टेस्टरची नोकरी लागली आणि मी अकोल्याहून येऊन सदाशिव पेठेत एका खोलीत राहू लागले, तेव्हा पुण्यात मला ओळखणारं कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावर गणिताच्या एक निवृत्त बाई एकट्या राहत. एकदा जिन्यात त्यांची जड दुर्बीण मी एका बाजूने धरली, तर म्हणाल्या, "धरलीच आहेस तर गच्चीपर्यंत ये." पुण्यात एवढं आमंत्रण म्हणजे पायघड्याच, हे मला नंतर कळलं.

गच्चीवर रविवारी आणखी दोघं येत. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, दुसरे भोसरीच्या कारखान्यातले इंजिनिअर. तिघांना नाद एकच, गुरू ग्रहावरचे बदल टिपायचे. गुरूवर आपल्याला दिसतात ते ढगांचे पट्टे. ते कधी रुंद होतात, कधी फिकटतात, मधेच एखादा डाग उमटतो. पद्धत बाईंनी घालून दिलेली. हिंगाच्या डबीचं झाकण ठेवून कागदावर वर्तुळ काढायचं, आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दिसेल ते पेन्सिलीने काढायचं. सगळ्यांचं होईपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि दाखवायचंही नाही. "गुरू खरं तर जरा चपटा असतो," बाई म्हणत, "पण ते हिंगवाल्यांना कोण सांगणार?"

त्या उन्हाळ्यात बाईंना मोतीबिंदू झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि बाई आज-उद्या करत होत्या. गुरू बरेच दिवस सूर्याच्या आड होता. तो पुन्हा पहाटे दिसू लागला, त्या पहिल्याच रविवारी मीही पहिल्यांदा पेन्सिल धरली; चित्रं काढून झाल्यावर तिघांनी आपापले कागद समोर ठेवले. काकांच्या चित्रात दोन ठळक पट्टे. इंजिनिअरांच्या चित्रातही दोन. बाईंच्या चित्रात एकच.

काका खाकरले. "बाई, आपण आता डोळ्यांचं मनावर घ्याच."

एरवी समोरच्याला वाक्य पुरं करू न देणाऱ्या बाईंनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दुर्बीण आजच घेऊन जा तुम्ही. चुकीचं काढत बसण्यापेक्षा न काढलेलं बरं." आवाज अगदी कोरडा होता. रविवारची ही गच्ची गेली तर बाईंकडे दोन खोल्या आणि बंद दार एवढंच उरणार होतं.

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुझा कागद कुठंय?"

तो मी मांडीवर पालथा धरून बसले होते. "माझं चुकलं वाटते बाई. मलेबी एकच दिसून राहिला."

ऑफिसात माझं कामच असं, की पडद्यावर काय असायला हवं ते आधी वाचायचं आणि मग तपासायचं. गुरूवर काय असायला हवं हे मात्र मला कोणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी माझा कागद स्वतःच्या कागदाशेजारी ठेवला आणि नुसतंच म्हणाल्या, "अहो, पुन्हा बघा."

इंजिनिअर पुष्कळ वेळ वाकून उभे राहिले. भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. "नाहीये," ते म्हणाले. "दुसरा पट्टा नाहीच आहे." वर्षानुवर्षं दोन पट्टे काढून हात इतका बसला होता, की त्याने डोळ्याला विचारलंच नव्हतं. काकांनी पाहिलं आणि ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकले. "माफ करा, बाई." मी खाली खोलीत जाऊन इंटरनेटवर पाहून आले, तर जगभरातले लोक तेच सांगत होते, पट्टा फिकट होत होत दिसेनासा झाला होता.

"पट्टा गुरूचा गेला आणि ऑपरेशन माझं!" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "संपलं सगळं, असंच वाटलं होतं गं मला."

या शहरात तोवर मला कोणी 'तुला काय दिसतं' असं विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं, आणि उत्तर माझ्या बोलीसकट खरं मानलं. पुढे मी मीटिंगांमध्ये तोंड उघडायला शिकले ते त्या पहाटेमुळे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशनला बाई मग आपणहून तयार झाल्या. आपला डोळा खोटं सांगत नाही एवढी खात्री त्यांना हवी होती, ती मिळाली. पण त्यांना मधुमेह; ऑपरेशनआधी रक्तातली साखर आटोक्यात येईपर्यंत गणपती आले नि गेले. रिक्षातून दवाखान्यात मीच घेऊन गेले. दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी त्या पहिल्यांदा दुर्बिणीशी बसल्या, तेव्हा गेलेल्या पट्ट्याच्या जागी गडद ठिपके उमटू लागले होते. ते बघायला आम्ही तिघं मागे ताटकळत होतो. बाई डोळा लावून बसल्या त्या हलेचनात.

"इतका पांढरा आहे होय हा?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी इतकी वर्षं पिवळाच समजत होते."

काकांनी आपली पेन्सिल खिशात ठेवली. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणीही आपली पाळी मागितली नाही.