दीर्घिका, सोडत आणि आमचे थोरले साडू

विश्वात कोण कुणापासून किती लांब आहे हे छातीठोकपणे सांगणारा, पण आपली बायको स्वयंपाकघरात आहे की देवळात गेली आहे हे न सांगू शकणारा माणूस पृथ्वीतलावर एकच निघावा आणि तो नेमका माझा थोरला साडू असावा, याला मी नशीबच म्हणतो. लोकांचे साडू बँकेत असतात, वकिलीत असतात, फार तर राजकारणात असतात. लग्नकार्यात त्यांचा काहीतरी उपयोग होतो. आमच्या साडूंनी एका संशोधन संस्थेत जन्म घालवला तो दीर्घिकांच्या वितरणाचा सांख्यिकीय अभ्यास करण्यात. हे म्हणजे नक्की काय, ते माझ्या लग्नाच्या मांडवापासून आजतागायत मला अनेकदा समजावून सांगण्यात आलं आहे, आणि दर वेळी समजावून होईपर्यंत चहा गार झालेला असतो. त्यातही कुणी चुकून ‘आकाशगंगा’ म्हटलं तर ते आधी थांबवतात. “आकाशगंगा आपली एक. बाकीच्या दीर्घिका,” असं सांगतात, आणि मूळ प्रश्न विसरतात.

माझ्या बुद्धीप्रमाणे त्यांचा धंदा असा. अवकाशात लक्षावधी दीर्घिका पसरल्या आहेत. त्यांचा एक नकाशा घ्यायचा. मग तेवढ्याच आकाराचा दुसरा, चक्क खोटा नकाशा बनवायचा, ज्यात ठिपके डोळे मिटून कुठेही टाकलेले असतात. दोन्ही नकाशांतल्या जोड्यांमधली अंतरं मोजायची. खऱ्या नकाशात जवळच्या जोड्या जास्त निघाल्या की म्हणायचं, दीर्घिकांना एकमेकींची ओढ आहे, त्या पुंजक्यांनी राहतात आणि मधे मोठमोठ्या पोकळ्या सोडतात. एवढं करून शेवटचा निष्कर्ष काय, तर फारच लांबून बघितलं तर सगळीकडे सगळं सारखंच आहे. हे मला ठाण्यात टेंभी नाक्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून फुकटात कळलं असतं. यांना त्यासाठी सरकारने पगार दिला, आणि त्या नोकरीतला अर्धा काळ हा माणूस खोटं आकाश तयार करत होता.

बरं, आकाशाचा अभ्यासक म्हणून आकाश तरी दाखवता यावं. ते राहायचे त्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या लोकांनी एकदा वर्गणी काढून दुर्बीण आणली आणि गच्चीवर साडूंना, म्हणजे त्यांच्या ‘सरांना’, मानाने बोलावलं. सरांनी दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ काहीतरी फिरवलं, आणि समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा मंगळ म्हणून दाखवला. कुणीतरी चूक लक्षात आणून दिली तेव्हा जराही न ओशाळता म्हणाले, “मला यातलं कुणीच ओळखू येत नाही. मला फक्त त्यांची अंतरं माहीत आहेत.” खाली उतरताना इमारतीच्या सेक्रेटरींनी मला हळूच विचारलं, “हे नक्की त्याच खात्यात होते ना?” मी म्हटलं, माझं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, मला विचारू नका.

त्या दुकानावरही त्यांची कृपा होऊन गेली आहे. दुकानात एक बाई मुलीच्या खोलीसाठी निळ्या कापडावर पांढरे तारे असलेला पडदा बघत होत्या. सौदा जवळजवळ झाला होता, मी कात्री हातात घेतली होती. साडू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते उठले, कापड उजेडात धरलं आणि म्हणाले, “हे तारे खोटे आहेत.” बाई घाबरल्या. “बघा, प्रत्येक तारा दुसऱ्यापासून व्यवस्थित अंतर राखून आहे. डोळे मिटून टाकले असते तर कुठे दोन-तीन चिकटले असते, कुठे मोठी जागा रिकामी राहिली असती. माणसाने विचार करून मांडले की असे शहाण्यासारखे बसतात.” बाईंनी पर्स उचलली आणि ‘मिस्टरांना घेऊन येते’ म्हणून गेल्या. त्यांच्या मिस्टरांची मी अजून वाट पाहतो आहे. साडू मात्र मला म्हणाले, “बघा, पटलं त्यांना.”

या माणसाला एका माणसाने सांभाळलं, ती माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आम्ही दर वर्षी तिच्याकडे जेवायला जातो. भोगीची भाजी, लोणी, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाकरी पानात पडली की साडू चष्मा कपाळावर चढवून त्यावर वाकणार, बोटाने तिळांचे पुंजके दाखवणार, पोकळ्या दाखवणार, आणि आमची तोंडं चालू असताना त्यांची भाकरी निवत राहणार. मग ताई स्वयंपाकघरातून मान बाहेर न काढताच म्हणणार, “आधी खा, मग मोजा.” एवढं ऐकलं की ते मुकाट्याने पहिला घास मोडायचे. वर्षानुवर्षं हेच. ताईचा त्या घरातला सगळा अधिकार त्या एका वाक्यात होता आणि साडूंचं सगळं सुखही त्यातच होतं, असं आता वाटतं.

ताईचं स्वतःचं जग मात्र दारातून बाहेर पडल्यावर सुरू व्हायचं. दुसऱ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, चारही दारं दिवसभर उघडी, आणि चारही दारांना माझ्याच दुकानातल्या एका ताग्याचे पडदे. समोर कांबळेबाई. त्या आणि ताई दोघी नव्या नवऱ्या म्हणून एकाच सुमारास त्या मजल्यावर आल्या. एकीचा कुकर लागलेला दुसरीला कळायचा. दुपारचा चहा एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, आणि त्याला नवरे वर्ज्य. पुढे इमारत जुनी झाली, पुनर्विकासाला गेली, आणि सगळे भाड्याच्या घरांत पांगले. आमच्या साडूंनी बरेच आलेख काढून दिवा स्टेशनजवळ जागा निवडली. त्या आलेखांत सगळं होतं, नळाला पाणी येतं की नाही हे सोडून. ताईने टँकरच्या रांगेत हंडे लावले, गुडघे दुखवून घेतले, पण तक्रार केली नाही. मी चिडलो की म्हणायची, “थोडे दिवस आहेत. परत गेलं की कांबळेबाई आहेतच समोर.”

नवी इमारत उभी राहिली ती दोन विंगांची, आकाशाला टेकलेली. कुणाला कुठला फ्लॅट, यावरून मारामारी व्हायची वेळ आली. शेवटी सोडत काढायचं ठरलं आणि ती काढायला माणूस कोण, तर ज्यांचं कुणाशीच वाकडं नाही असे आमचे सर. त्यांनी आधी सर्वसाधारण सभेत सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की निकाल काहीही लागो, सोडत पुन्हा काढायची नाही. पुढे जाऊन, नंतर आपसांत अदलाबदलही करायची नाही असं कलम घातलं, म्हणजे कुणी बळजोरीने गरिबाचा वरचा मजला लाटू नये. मी तेव्हाच ताईला म्हटलं, स्वतःसाठी एखादी फट ठेवायला सांग. ती हसली.

एका शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, सोडत निघाली. आणि निघालं काय, तर जुन्या दुसऱ्या मजल्यावरची तीन बिऱ्हाडं, कांबळेबाईंसकट, ए विंगच्या अकराव्या मजल्यावर ओळीने शेजारी शेजारी. चौथं बिऱ्हाड, म्हणजे आमचे साडू, बी विंगला चौथ्या मजल्यावर, सगळी अनोळखी माणसं.

हॉलमध्ये गलका झाला. तो ताईसाठी नव्हता. मागच्या रांगेतून एक जण उठून म्हणाला, “सर, हे सेटिंग वाटतंय. तीन शेजारी परत शेजारीच कसे आले? बाकी पण बघा ना, सगळे असेच गठ्ठ्याने पडलेत. नीट मिक्स झालंच नाहीये.” लोकांनी माना डोलावल्या. पुन्हा काढा, पुन्हा काढा, असा सूर लागला. खुद्द सेक्रेटरी साडूंच्या कानाशी लागले. मी शेजारीच होतो, ऐकलं. “सर, पब्लिकच म्हणतंय. तुम्ही फक्त हो म्हणा. दुसऱ्यांदा काढू, वहिनींचं पण कदाचित जमून जाईल.”

अक्कल असलेला कुठलाही नवरा एवढ्यावर हो म्हणाला असता. साडू उभे राहिले आणि त्यांनी माझ्या दुकानातला ताऱ्यांचा पडदा सभेला ऐकवला. “आंधळेपणाने टाकलेल्या गोष्टी गठ्ठ्यानेच पडतात. तुम्ही सगळे छान सारख्या अंतरावर पडला असतात, तर मला शंका आली असती.” मग आवाज जरा खाली आला. “आणि निकाल आवडला नाही म्हणून सोडत पुन्हा काढली, तर आवडेपर्यंत काढत राहाल. मग जे उरेल ते आपल्या मनातलं असेल. माझ्याही मनातलं. ते नको.”

ताई पहिल्या रांगेत बसली होती. तिने पदर सावरला, उठली आणि हॉलबाहेर गेली. पायऱ्यांवर कांबळेबाईंनी साडूंना गाठलं. “काय हो सर, साऱ्या दुनियेची अंतरं मोजलीत, आमच्या दोघींच्यातलं तेवढं राहिलं काय?” साडू मान खाली घालून पायऱ्या उतरू लागले. मी मात्र रस्त्यावर त्यांना हवं तेवढं सुनावलं. तत्त्व कुठे लावायचं आणि कुठे खुंटीवर टांगायचं एवढंही ज्याला कळत नाही, त्याने बायको करू नये, असंही म्हणालो. ते म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.” याहून संतापजनक उत्तर नाही.

नव्या घरी पहिल्या भोगीला आम्ही गेलो. फ्लॅट चकचकीत, दार बंद, दाराला पडदा नाही. ताई वाढत होती. साडूंनी सवयीने चष्मा कपाळावर चढवला आणि भाकरीवर वाकले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. ते तसेच वाकून राहिले. पुंजके दाखवेनात, पोकळ्या दाखवेनात, घासही मोडेनात. वाक्य आलंच नाही. ताई बाहेर आली, त्यांच्या पानात भाजी वाढली आणि आत गेली. भाकरी निवून चामड्यासारखी झाली तरी ते तिच्याकडे बघत होते. माझ्या बायकोने मला पायाने डिवचलं, म्हणून मी त्या दिवशी तोंड उघडलं ते फक्त घासासाठी.

त्यानंतरचं मला ताईकडून नाही, माझ्या डोळ्यांनी कळलं. पावसाळा सरल्यावर एकदा कामासाठी दुपारचा डोंबिवलीला गेलो होतो, म्हणून डोकावलो. बघतो तर बी विंगच्या लिफ्टमधून साडू बाहेर येतायत, दोन्ही हातांनी प्लास्टिकची खुर्ची छातीशी धरून. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा चहाचा कप मोरीपर्यंत नेला नाही, तो खुर्ची नेत होता. दोन विंगांच्या मधे गाड्यांसाठी सोडलेलं मोठं आवार आहे, तिथे सावलीत त्यांनी ती ठेवली. मागून ताई आली, भिंतीला धरत, सावकाश. समोरून ए विंगमधून कांबळेबाई आपली खुर्ची घेऊन. साडू ताईला बसवून लगेच मागे फिरले, कारण तिथे नवरे वर्ज्य.

मला बघून ते थांबले. म्हणाले, “दोघींना एवढं आवार ओलांडणं जमत नाही. म्हणून बरोबर मध्यावर बसतात. कांबळेबाईंशी तसंच ठरलंय.”

माझं आयुष्य कापड मोजण्यात गेलं आहे. नजरेने पडदा बेततो मी. तो मध्य नव्हता. खुर्ची बी विंगकडे सरळसरळ सरकलेली होती, कांबळेबाईंना जास्त चालावं लागत होतं आणि ताईला जेमतेम. मी साडूंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

“तिचे गुडघे जास्त दुखतात,” ते म्हणाले. “कुणाला बोलू नका.”

ज्याने शाळेच्या हॉलमध्ये भरल्या सभेत स्वतःच्या बायकोसाठी एक चिठ्ठी हलू दिली नाही, तो रोज दुपारी आवारात लबाडी करत होता. आणि कांबळेबाईंना ती कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी खुर्ची टेकवताना एकदा ए विंगकडे बघितलं, एकदा ताईच्या गुडघ्यांकडे, आणि बसल्या.

यंदाची भोगी त्याच आवारात झाली. अकराव्या मजल्यावरच्या बायका डबे घेऊन उतरल्या होत्या, नवरे आज अपवाद म्हणून चालतील असं ठरलं होतं, खुर्च्या दाटीवाटीने लागल्या होत्या आणि बाकीचं आवार मोकळं पडलं होतं. साडूंच्या हातातल्या ताटलीत भाकरी आली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, आणि थांबले. बायकांचं बोलणं चालू होतं. ताई कांबळेबाईंना कसलीशी हकिकत सांगत होती. ती अर्धवट तोडून, मान न वळवता म्हणाली, “आधी खा, मग मोजा.”

साडूंनी घास मोडला. घाईने मोडला, मोठा मोडला, आणि ठसका लागला. कांबळेबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी ताटलीकडे बघत राहिलो, कारण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणं मला बरं वाटेना.

संध्याकाळी ठाण्याला घरी आलो. आमचीही इमारत नवी आहे, मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद असतात. कुलूप उघडताना बायकोला विचारलं, “आपल्या समोर राहतात त्यांचं नाव काय गं?”

ती म्हणाली, “का? आता तुम्हीही मोजायला लागलात?”

मी नाही म्हटलं आणि आत गेलो. साडूंचा हेवा वाटतोय हे तिला सांगायला जीभ रेटेना. इतकी वर्षं त्यांना नावं ठेवल्यावर ते एकदम सांगता येत नाही.