खानावळीच्या भिंतीवरचं पोस्टर

मैद्याच्या खळीचा वास आला की लातुरातली ती खानावळ आठवते. सिनेमे काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचा कोचिंग क्लासमधल्या एका पोरीवर नवा सिनेमा आला होता, त्याचं पोस्टर मी तिच्या भिंतीवर लावत होतो. खानावळवाल्या मावशींचं घर भूकंपात गेलेलं. कंपनीचा पहिला सिनेमा त्यांच्याच गावावर होता. पिठाच्या हातानं त्या बाहेर आल्या आणि माझ्यासोबत आलेल्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, "मागल्यात समद्यांना मारलंस. ह्यातली पोरगी तरी जगती का? माझी बी क्लासलाच हाय, तिला दाखवावं म्हन्ते." तो हसला. "मरते, मावशी. त्याशिवाय लोक रडत नाहीत." "लोकांला रडवायला आमचीच लेकरं घावतात व्हय रे?" म्हणत त्यांनी ओलं पोस्टर ओढून काढलं. कंपनीचा पुढचा सिनेमा दुष्काळावर आहे म्हणे. त्याचं पोस्टर लावायला मी नाही म्हणालो.