वाढलेल्या बांगड्यांचा समुद्र

१ डिसेंबर १९८५, रविवार. मंजूर रक्कम तीनशे पन्नास रुपये. हजर: चाळ समितीचे आम्ही पाच जण, आणि कला महाविद्यालयातून नुकतीच शिकून बाहेर पडलेली एक मुलगी. बैठक मुलुंडला आमच्याच खोलीत झाली, कारण समितीचा खजिनदार मी होतो. माझी ताई चहा घेऊन आली आणि कप रिकामे होईपर्यंत दारात उभी राहून ऐकत राहिली.

मुलगी पार्ल्याहून येत असे. आमच्या चाळीमागे सार्वजनिक नळ होता आणि नळाला लागून अठरा फुटांची एक भिंत. भिंतीच्या पायथ्याशी लोक कचरा टाकत आणि अंधार पडला की पुरुष आडोसा म्हणून तिचा उपयोग करत. या भिंतीवर चाळीतल्या बायकांनीच एक मोठं चित्र करावं, काचेचे आणि कपबश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, असं तिचं म्हणणं होतं. रंग दोन पावसाळ्यांत जातो, काच जात नाही, असं ती म्हणाली तेव्हा मी तिच्या बाजूला झुकलो. तुकडे फुकटचे, मजुरी नाही. खर्च काय तो सिमेंट, रेती आणि थोड्या पांढऱ्या सिमेंटचा.

समितीतल्या एकाने विचारलं, "पण यातून तुम्हाला काय मिळणार?"

"ते अजून मलाही माहीत नाही," ती म्हणाली. मला उत्तर प्रामाणिक वाटलं. पैसे मंजूर झाले.

तिने घरून एक चित्र करून आणलं होतं. नळाभोवती हंडे घेतलेल्या बायका, हात वर केलेले, तोंडं उघडी. दुपारी बायका जमल्यावर तिने ते उलगडून दाखवलं. बायकांनी निरखून पाहिलं.

"नळावर भांडताना आम्ही रोज दिसतोच गं," एक जण म्हणाली. "आता भिंतीवर पण कशाला?"

सगळ्या हसल्या. मुलगीही हसली, पण तिचा चेहरा उतरलेला दिसला. "मग तुम्हाला काय हवंय?"

मग आमच्या समोरच्या खोलीतल्या वहिनी म्हणाल्या, "समुद्र कर."

वहिनी मालवणकडच्या. चाळीतली निम्म्याहून अधिक बिऱ्हाडं कोकणातली होती. पुरुष गिरण्यांत होते. संपानंतर कोणी रिक्षा चालवू लागला, कोणी वॉचमन झाला, कोणी घरी बसला. वहिनींचे यजमान घरी बसलेल्यांपैकी. त्यात त्यांना छातीचं दुखणं लागलं होतं आणि पालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शनं चालू होती. वहिनी चार घरच्या पोळ्या करून घर चालवत होत्या. मुलीने तिचं चित्र गुंडाळून ठेवलं आणि वहिनींना विचारून खडूने भिंतीवर लाटा काढायला घेतल्या.

ताईविषयी आधीच सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा मी तिला आमच्याकडे घेऊन आलो. घरचं सगळं ती करायची. चाळीत मात्र कुठे जाऊन बसायची नाही. तिला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मुलीने जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलं: "फुटक्या बांगड्या आणि फुटक्या कपबश्या आणून द्याव्यात." आठवडाभरात टोपलीभर कपबश्या जमल्या. बांगडी एकही आली नाही. काचेच्या बांगड्यांशिवाय हिरवा, निळा रंग आणायचा कुठून, म्हणून ती काळजीत पडली. ती फळ्यासमोर उभी असताना ताई पाण्याचा हंडा घेऊन तिथून चालली होती.

"अगं, अशा कशा मिळतील?" ताई म्हणाली. "बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणायचं."

"वाढली? म्हणजे मोठी झाली?"

"नारळ नाही का वाढवत? तसंच. बांगडी फुटते ती फक्त एकदाच, आणि तेव्हा घरात माणूस गेलेलं असतं. तू सगळ्या चाळीला तेच मागत्येस."

मुलीने जीभ चावली. कॉन्व्हेंटात शिकलेली, घरात आईच्या हातात सोन्याच्या दोन बांगड्या, तिला हा शब्द कधी लागलाच नव्हता. तिने ओल्या फडक्याने फळा पुसला आणि "वाढलेल्या" असं लिहिलं. खालच्या पायरीवर डालड्याचा रिकामा डबा ठेवला. ताईनेच त्यात पहिली मूठ टाकली. मग तो डबा भरतच गेला, इतका की दुसरा ठेवावा लागला.

काम दुपारी दोन ते साडेचार, नळाला पाणी नसताना चालायचं. आठ-नऊ बायका नेमाने येत. ताई त्या मुलीमुळे खाली जाऊन बसायला लागली. बांगडीचा तुकडा मुळात वाकलेलाच असतो, त्यामुळे कमान वर करून एकापुढे एक लावत गेलं की लाट होते, हे बायकांच्या फार लवकर लक्षात आलं. सिमेंट थापायचं, तुकडा अंगठ्याने दाबायचा, वरून ओलं फडकं फिरवायचं. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की ताई मला आजची लाट कुठवर गेली ते सांगे. तिच्या नखांत सिमेंट असे. बायको तिला म्हणे, "ताई, पिठात पडेल हो ते," आणि ताई खुशाल हसे.

संक्रांत होऊन गेल्यावरच्या एका रविवारी मी सिमेंटचं पोतं पोचवायला भिंतीपाशी गेलो होतो. ताईने गडद हिरवा एक तुकडा दोन बोटांत धरला होता. ती मुलीला सांगत होती, "ही माझी बघ. शेवटच्या संक्रांतीला भरलेली. हे गेले तेव्हा कोणी फोडायच्या आत मीच काढून लपवून ठेवल्या होत्या. आता या भिंतीसाठी मीच वाढवल्या."

शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांचा हात सिमेंटवरच थांबला. त्यांनी फडक्याला हात पुसले, उठल्या आणि वर गेल्या. पाठोपाठ आणखी दोघी गेल्या. सोमवारी दुपारी भिंतीपाशी ताई आणि ती मुलगी, दोघीच होत्या.

संध्याकाळी गॅलरीत सगळ्या जमल्या. मला बोलावलं, कारण हिशेब माझ्याकडे होता.

"भावजी, माका ताईंचो राग नाय," वहिनी म्हणाल्या. "पण घरात दुखणाईत माणूस, नि मी माज्या हातान त्यो बांगड्यो लावतंय. कळला असता तर मी बसलंयच नसतंय."

"वहिनी, त्या बांगड्या पहिल्या दिवसापासून डब्यात आहेत," मी म्हणालो. "त्यांच्या कुठल्या आणि तुमच्या कुठल्या ते दाखवा. मी स्वतः छिन्नीने काढून देतो."

"हिरव्या काढा," एक जण म्हणाली.

"हिरव्या तर सगळ्यांच्याच आहेत."

"मग सगळ्याच काढा."

"मग समुद्र कुठला राहतोय, बाई?"

मुलगी रडवेली झाली होती. "मी अख्खी भिंत उकरून टाकते. माझंच चुकलं, मी आधी विचारायला हवं होतं सगळ्यांना."

"भिंतीला हात लावायचा नाही," ताई म्हणाली. चाळीत एवढ्या मोठ्याने बोललेलं मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "उद्यापासून मी येत नाही. तुम्ही पुरं करा." ती आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली.

"ताई नसतील तर मी पण येणार नाही," मुलगी म्हणाली.

"नको येऊस," कोणीतरी म्हणालं.

आठवडाभर भिंतीपाशी कोणी फिरकलं नाही. समुद्र दोन तृतीयांश झाला होता, पुढे नुसती खडूची रेघ. भाजीची देठं, अंड्यांची टरफलं पुन्हा तिथे पडू लागली. दुपारी दोन वाजता ताई गॅलरीत येऊन उभी राही आणि मग आत जाई, असं बायकोने मला सांगितलं.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला खाली हसण्याचा आवाज आला म्हणून मी डोकावलो. वहिनींचे यजमान गळ्याला मफलर गुंडाळून पालथ्या बादलीवर बसले होते. समोर घमेल्यात कालवलेलं सिमेंट. पंचवीस वर्षं मागावर चाललेल्या त्या बोटांनी ते बांगडीचे तुकडे भिंतीत दाबत होते, आणि सगळे उलटे. नळावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"ओ ताई," त्यांनी खालून हाक मारली. "ह्या हिरव्या खंय लावूच्या?"

ताई गॅलरीत धुणं वाळत घालत होती. वहिनी धावत खाली आल्या.

"अवो, उठा थंयसून. लोक हसतत."

"हसांदेत."

"तुमका बरा नाय. गारठ्यात कित्याक बसलात?"

"गिरण बंद पडली तेव्हा मेलंय नाय, आता बांगडेन मरतलंय?" त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी भिंतीला हात टेकला. मग हळू आवाजात म्हणाले, "नि मेलंयच तर तुज्यो बांगड्यो खंय टाकतलंस? गटारात?"

नळावरचं हसणं थांबलं. हंडा भरून वाहत होता, तोही कोणी बाजूला घेतला नाही. वहिनी खाली बसल्या, यजमानांच्या हातातला तुकडा काढून घेतला, उलटे लावलेले दोन सिमेंटमधून उपसून बाजूला ठेवले, आणि मान वर करून ओरडल्या, "ताई, येवा खाली. ह्यांका लाट जमणा नाय."

ताईने हातातलं ओलं लुगडं दांडीवर सारखं पसरलं, चिमटे लावले आणि मग जिना उतरली. वहिनींनी थोडं सरकून जागा दिली. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. गॅलरीतून ते ऐकू येत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. दुपारी पार्ल्याला त्या मुलीच्या शेजाऱ्यांकडे फोन करायला मी वाण्याकडे गेलो. ती सोमवारी आली.

रथसप्तमीच्या आधी काम संपलं. अठरा फूट समुद्र, कपबश्यांच्या पांढऱ्या तुकड्यांचा फेस, आणि उजव्या कोपऱ्यात एक होडी. होडी कोणाची, यावरून बायकांत दोन दिवस वाद झाला तो वेगळाच. साहित्याला दोनशे अडतीस रुपये लागले होते. उरलेल्या एकशे बारा रुपयांत बायकांनी भिंतीसमोर हळदीकुंकू करावं आणि वाण म्हणून स्टीलच्या वाट्या द्याव्यात, असं ठरलं. चाळीतल्या एकवीस सवाष्णी आणि ती चित्रकार मुलगी, मिळून बावीस. वाट्या आणायचं काम वहिनींनी अंगावर घेतलं.

हळदीकुंकवाला बायका नटून आल्या. मुलगी पहिल्यांदाच साडीत दिसली, आणि निऱ्या सारख्या करत बसली. वहिनींचे यजमान वरून गॅलरीतून सूचना देत होते. ताईने कुंकू लावून घेतलं नाही आणि तिला लावायला कोणी गेलंही नाही. ते बदललं असं मी लिहिणार नाही. पण ती खाली होती. नळाशेजारी स्टोव्ह ठेवून सगळ्यांना कॉफी करून देत होती, आणि मुलीने बोलावलेल्या तिच्या प्राध्यापकांनी भिंतीचा फोटो काढायला घेतला तेव्हा वहिनींनी ताईला दंडाला धरून मधे उभं केलं.

दुसऱ्या दिवशी भांडेवाल्याचं बिल माझ्या हातात आलं. मी वहिनींच्या दारात गेलो.

"वहिनी, वाट्या बावीसच ना? त्याने एक जास्त लावलीय."

त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जास्त नाय. तुमच्या घरात बघा."

आमच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक नवी वाटी होती. ताईने तिच्यात मटकी भिजत घातली होती.

ऑफिसातून येताना मी भांडेवाल्याकडे थांबलो आणि तेवीस वाट्यांचे, साडेचार रुपये दराने, एकशे तीन रुपये पन्नास पैसे त्याला रोख दिले.