जोड ज्याचा, तो आत

आमच्या मालकांचा टॉवेल-चादरींचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. मागच्या शेडमध्ये ते हौसेनं स्वतःचं दोन माणसांचं विमान बांधत होते. मी तिथं वेल्डर. आठवीतून शाळा सोडलेला, गाव पार भंडाऱ्याकडं, तळ्यांच्या मुलखात. इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मालकांनी काम दिलं, शेडला लागून खोली दिली. त्या खोलीसाठी मी आजही त्यांना हात जोडतो. ती जाईल की काय, ही धास्ती मात्र रोज उशाला असायची.

विमानात हीटर बसवायचं ठरलं तेव्हा भर एप्रिल होता. पत्र्यावर हात ठेववत नव्हता.

"सोलापुरात हीटर," आमचे मिस्त्री म्हणाले. "आता होटगीत गोधड्या वाटा की, मालक."

"वर गेल्यावर दात वाजतील, मग कळंल तुला."

काम तसं साधं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी तापते. तिच्याभोवती पत्र्याचं कवच घालायचं, मधल्या पोकळीतून बाहेरची हवा घ्यायची आणि तापलेली हवा केबिनमध्ये सोडायची. धूर तेवढा नळीतच राहायला हवा. नळी मिस्त्रींनी वाकवली, जोड मी मारले.

कारखान्यात बॉयलरची एक जुनी रीत होती. ज्यानं जोड मारला, पहिल्या वाफेला त्यानंच शेजारी उभं राहायचं. म्हणजे माणूस हात राखून काम करत नाही. मालकांनी तीच रीत इथं लावली. "जोड तुझा. आत बस, दार लाव."

विमान शेडबाहेर खांबाला साखळीनं बांधलं. इंजिन सुरू झालं, पायाशी गरम झोत आला. बाहेर सगळे जमले. मिस्त्री काचेवर टिचक्या मारून खुणेनं विचारत होते, थंडी वाजते का. एकानं कारखान्यातली चादर आणून काचेला लावली, पांघर म्हणाला. मीही हसलो. नसतो हसलो तर रुसला म्हणाले असते.

मग डोकं ठणकायला लागलं. बॉयलरची वाफ फुटली तर दिसते, शिट्टी वाजते. इथं काहीच दिसत नव्हतं, आणि पेट्रोलचा वास तर शेडला कायमचाच. बाहेर आलो आणि चाकाशीच ओकलो.

"ऊन लागलं," मिस्त्री म्हणाले. "तळ्याकाठचा मानूस ह्यो. म्हशीगत पान्यात बसवा त्याला."

"मालक, धूर आत येऊन राहिला जी," मी म्हणालो.

"मंजे तुजा जोड फुटला म्हन की," मिस्त्री म्हणाले.

तेव्हा कुठं मला कळलं, मी काय बोलून बसलो. खोलीतली माझी पेटी डोळ्यांपुढं आली. "नाही जी, ऊनच असेल."

मालक म्हणाले, "एकदा ठरव. ऊन का धूर? उद्या सकाळी गारव्याला परत बस. गारव्यात ऊन लागत न्हाय."

सकाळी परत बसलो. कालच्यासारखं डोकं ठणकलं, इथवरचं आठवतं, पुढचं नाही.

जाग आली ती शेडच्या फरशीवर. तोंडावर पाणी होतं. माझ्याजवळ कुणी नव्हतं. सगळे इंजिनावर वाकले होते. नळीचं कवच उघडलेलं होतं. भिंतीला धरून उठलो आणि मीही पाहिलं. माझे जोड शाबूत होते. चीर होती ती मिस्त्रींनी वाकवलेल्या बाकात, जोडापासून वीतभर लांब. मी पाहिलं हे मिस्त्रींनीही पाहिलं.

"ह्याच्या जोडाची आच पोचली असंल हितवर," ते म्हणाले.

मालक माझ्याकडं वळले. "व्हय का रे?"

 खोली शेडच्या पलीकडंच होती, तिचं दार इथून दिसत होतं.

"हो जी," मी म्हणालो.

"बरं झालं तू बसलास. आज मी पोरीला घेऊन बसणार हुतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "नवी नळी घ्या. वाकवायला मिस्त्री, जोडायला हाच."

मला काढलं नाही. नवी नळी बसली त्या दिवशी आत कोण बसणार, हे कुणी विचारलंच नाही. मी चप्पल काढली आणि चढलो.