डाळ शिजवणारं पाणी

आमच्या गावात पाण्याची परीक्षा तुरीची डाळ घेते. चुलीवर ठेवलेली डाळ लवकर विरघळली तर पाणी गोड, दाणा दाणा राहिली तर पाणी जड. वडवणीकडचं आमचं छोटं गाव. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशाच्या पाण्यात डाळ अशी मऊ व्हायची की घोटायचीही गरज नसे. बोअर पाडला तेव्हा पहिला हंडा माझ्या मायनं भरला होता. तेव्हापासून ती त्याला ‘माझा हापसा’ म्हणते, आणि गल्लीनंही ते कधी मनावर घेतलं नाही.

लहानपण आठवलं की मला आधी त्या हापशाचा आवाज येतो. दुपारी सगळं गाव डोळे मिटून पडलेलं, कुणीतरी दांडा मारतंय, आणि पाणी वर यायच्या आधी खालून एक लांब उसासा येतोय. अर्धवट झोपेत मला वाटायचं, जमिनीखाली एक म्हातारी राहते आणि आमच्यासाठी पाणी वर ढकलून दमते. ओंजळीतलं ते पाणी खरोखरच गोड लागायचं. पुढे किती गावांचं पाणी प्याले, पण ती चव काही मिळाली नाही.

गल्लीतल्या आम्हा पोरांचे दात मात्र तपकिरी पट्ट्यांचे. माय म्हणायची, घासत नाहीत मेले. मी राखुंडीनं हिरड्या सोलेपर्यंत घासायचे. बीडला कॉलेजात गेले, तर वर्गातली एक जण तंबाखू खातेस का म्हणून विचारू लागली. मला इतकी लाज वाटली की तेव्हापासून मी तोंडावर हात धरून हसते. माझ्या लग्नाच्या फोटोतही तो हात आहे.

मध्ये कधीतरी पाणी तपासणारे आले आणि मायचा हापसा लाल रंगवून गेले. शाळेपाशी दुसरा आहे, त्याला हिरवा दिला. काय ते सांगून गेले असतील, पण दुपारची वेळ, ऐकायला होतं कोण! माय तर खूश झाली. ‘बघ, चांगल्या पाण्याची खूण केली,’ असं तिनं मला फोनवर सांगितलं होतं. लाल म्हणजे पिऊ नका, हे कळल्यावरही तिनं ते कानाआड केलं. हिरव्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, मग ते पाणी चांगलं कसं?

यंदा उन्हाळ्यात माझं नोकरीचं प्रशिक्षण निघालं, वर्षभर बाहेरगावी. लेकीला मायकडे ठेवायचं ठरलं. पोरीचे दुधाचे दात पडायला लागलेत. नवे अजून हिरडीत घडताहेत, आणि तिथं ते कसल्या पाण्यावर घडतील या विचारानं मला धड झोप येईना.

माहेरी पोचल्या पोचल्या मी माठाकडे बोट दाखवून म्हटलं, ‘हिला हे पाणी नको. यात फ्लोराईड हाय, दात डागळतात त्यानं.’

मायनं आमच्या पिशवीतून टूथपेस्टची नळी काढली आणि माझ्यासमोर धरली. ‘हिच्यावर काय लिवलंय, वाच.’

मी वाचलं. तेच लिहिलं होतं.

‘तुमी इकत आणून दाताला लावता, आन माझ्या पाण्यात आलं की इख?’

मला हसूच आलं. खरं तर तिचं चुकत नव्हतं. दूरच्या काही देशांत दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात ते मुद्दाम थोडं घालतात, आणि घालावं की नाही यावरून तिथंही भांडणं होतात. मी म्हटलं, ‘माय, भाजीत चिमूटभर मीठ घालतो. मूठभर पडलं तर? आपल्याकडं जमिनीनंच मूठ टाकलीय.’

‘बरं, पिऊ नको म्हणतीस. सैपाकाला तर चालंल?’

‘न्हाई. शिजवलं तरी ते जात न्हाई.’

माय भिंतीला हात लावून उठली आणि बाहेर गेली. आपण तिचं काहीतरी हिसकावून घेतलं असं मला वाटत राहिलं. दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला. झोपेत ती जमिनीखालची म्हातारी दिसली. तिचा चेहरा मायचा होता, आणि ती हंडा पुढे करून विचारत होती, कावून गं, आवडंना का?

जाग आली तेव्हा माय शाळेकडून येत होती. डोक्यावर हंडा, चाल सावकाश.

संध्याकाळी ताटात डाळ आली. दाणा दाणा वेगळा. आख्ख्या आयुष्यात मायनं कुणाला अशी डाळ वाढली नव्हती. ती मान खाली घालून वाढत होती. पोरीनं एक दाणा चावला, कटकन आवाज झाला आणि ती खुदकन हसली. तोंडावर हात धरून.

‘हात कावून धरतीस गं?’ मायनं विचारलं. ‘दात तर मोत्यावानी हायेत.’

‘असंच हसतात ना,’ पोर म्हणाली. ‘आई हसते तसं.’

सवयीनं माझा हात तोंडाशी गेला होता. मायनं हातातला डाव खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं.

‘तुजा बी काढ,’ ती म्हणाली. ‘माझ्याच पाण्यानं झालेत ते. मला तरी बघू दे.’