एका भोकापुरता हात

माझे वडील, तात्या, पट्टे जोडायचे. साखर कारखान्यात उसाचं चिपाड बॉयलरकडे नेणारा पट्टा, खडीच्या क्रशरचा पट्टा, हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमचा, पिठाच्या गिरणीचा. पट्टा तुटला की मशीन थांबतं आणि मशीन थांबलं की मालक जीप पाठवतो. आमचं घर मलकापूरला, हायवेच्या कडेला. जीप साताऱ्याकडची असो की सांगलीकडची, थेट दारात येऊन हॉर्न द्यायची. तात्या जेवत असले तर जेवण पुरं करायचे, हात धुवायचे आणि मगच पिशवी उचलायचे. "मशीन थांबलंय, माणूस न्हाई," म्हणायचे.

पिशवीत हातोडा, गुण्या, खडू, बाभळीचा एक ठोकळा आणि पंच. पंच म्हणजे वीतभर लांबीची पोलादी दांडी. खालचं तोंड पोकळ आणि गोल, त्या गोलाच्या कडेला धार. पट्ट्यावर उभा धरायचा आणि वरून हातोडा मारायचा. पट्टा वरून रबराचा दिसला तरी आत कापडाचे चार-पाच थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. धार नीट असेल तर सगळे थर एका दमात कापले जातात आणि कापलेली गोल टिकली पंचाच्या पोटात शिरून बाजूच्या खिडकीतून बाहेर पडते. धार नसेल तर थर चिरडतात, दोरे लोंबतात आणि पट्टा पुढे त्याच भोकातून फाटतो. तात्या भोकाकडे बघायचेच नाहीत, टिकलीकडे बघायचे. "टिकली पडाय पायजे. उपसाय लागली म्हंजे भोक गेलं."

लहानपणी मी त्या टिकल्या डब्यात साठवायची. शंकरपाळ्याच्या कडेला दिसतात तसे त्यांच्या कडेला थर दिसायचे. सुट्टीच्या दिवशी तात्या कधीकधी मला कामावर न्यायचे. मी ठोकळा धरायची. पहिला ठोका जागा धरायला, दुसरा आरपार. तिसरा ठोका मारलेला मी पाहिलेला नाही. गावातले लोक कमरेचे पट्टे घेऊन यायचे, आणखी एक भोक पाडून द्या म्हणून. तात्या त्यांना वरपासून खालपर्यंत बघून विचारायचे, "आत पाडू का भाईर? दिवाळीच्या आत का दिवाळीनंतर?"

धार ते स्वतः लावायचे. घराच्या पायरीवर बसून, एका काळ्या दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून, पंच बोटांत फिरवत. एका धारेला अर्धी दुपार जायची. "तात्या, ग्राइंडरवर दोन मिनिटांचं काम आहे," असं मी कॉलेजात असताना एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, "मशिनला दिलं की गरम हुतंय. गरम झालं की पाणी जातंय." लोहार पोलाद तापवून विझवतो, त्यातून जो कडकपणा येतो त्याला पाणी म्हणतात. मी ऐकलं होतं. पण म्हाताऱ्या माणसांच्या शंभर गोष्टी आपण ऐकतो, त्यातली ही एक, असं समजून सोडून दिलं होतं.

लग्न होऊन मी सांगलीला आले. आमची पिठाची गिरणी आहे. नवरा मशीन बघतो, गिऱ्हाईक मी बघते. आई गेल्यावर तात्या मलकापूरला एकटे राहत होते. एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दूधवाल्याने पाहिलं म्हणून वाचले. दवाखान्यातून मी त्यांना थेट सांगलीला आणलं. दुसऱ्या दिवशी मलकापूरला जाऊन कपडे, औषधं, बँकेची पुस्तकं आणि ती पिशवी घेतली, घराला कुलूप लावलं.

पिशवी उघडून बघितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दगड कुठाय?"

"कसला दगड?"

"धारंचा. खिडकीत असतोय."

"पुढच्या खेपेला आणते."

पुढची खेप झाली नाही. गिरणी, घर, दवाखाना. नुसत्या दगडासाठी मलकापूर कोण गाठतं. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा आणते म्हटलं.

सहा महिन्यांत ते काठीवर चालायला लागले. हाताला वेळ लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता, तो त्यांनी शेजारच्या कुत्र्याला टाकला. त्याऐवजी रोज सकाळी मागच्या अंगणात बसून ठोकळ्यावर खडूचा ठिपका काढायचे आणि त्यावर हातोडा मारायचे. सुरुवातीला हातोडा ठोकळ्यावरून घसरायचा. मग ठोकळ्यावर बसायला लागला, मग ठिपक्याजवळ. गणपती आले तोवर ठिपक्यावर बसत होता. बोटांना स्पर्श मात्र नीट कळत नव्हता. गरम चहाचा कप ते डाव्या हाताने चाचपून मगच उजव्या हातात घ्यायचे.

त्यांना मलकापूरला परत जायचं होतं. ते मी होऊ देत नव्हते. शेवटी एकदा कंटाळून मी म्हटलं, "हात चालतोय हे दाखवा आणि खुशाल जा."

"काय केलं म्हंजे हात चालतोय म्हणशील?"

गिरणीचा पट्टा जुना झाला होता, दिवाळीच्या भाजणीची गर्दी सुरू व्हायच्या आत बदलायचा होता. मी म्हटलं, "नवा पट्टा जोडा."

ते उठून काठी घेऊन आत गेले आणि नवऱ्याला म्हणाले, "पावणं, दसऱ्याला तुमचा पट्टा जोडतोय मी. दुसऱ्या कुणाला सांगू नगा."

"तात्या, कशाला तरास? ड्रिल आहे आपल्याकडं. दोन मिन्टांत बारा भोकं."

"व्हय. आन् दोन म्हयन्यात बारा वाटा. ड्रिल भिताडाला ठेवा तुमचं."

खंडेनवमीला आम्ही गिरणी बंद ठेवतो आणि हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी हत्याराला काम देत नाहीत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिलं काम. आदल्या दिवशी अष्टमीला मी पाने, स्क्रू ड्रायव्हर, जात्याच्या दगडाला टाकी लावायचे छिन्नी-हातोडे सगळं रॉकेलने पुसत होते. तात्यांची पिशवीही उघडली. पंचाला तांबेरा चढला होता, धारेला दोन ठिकाणी खाचा होत्या. तात्या दुपारचे झोपले होते. दगड मलकापूरला होता. मी पंच रुमालात गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या ग्रिल-खिडक्या बनवणाऱ्याकडे गेले. त्याने ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत पंच नव्यासारखा झाला. मला बरं वाटलं. सहा महिने टाळलेलं काम मी मलकापूरला न जाता उरकलं होतं. तोंडाजवळ कबुतराच्या मानेसारखी निळी झाक आली होती, ती मी बघितली. छान दिसते, असंच वाटलं. वरून तेलाचा हात फिरवला.

पूजेत पंचाला हळद-कुंकू लागलं, निळी झाक त्याखाली झाकली गेली, झेंडूचं फूल वाहिलं. तात्यांनी तो उचलून धारेवरून अंगठा फिरवला, उजवा. "धार हाय की गं."

"लावून आणली."

"कुणाकडनं?"

"आहे एक माहितीतला." खोटं नव्हतं. ते आणखी विचारतील असं वाटलं होतं, पण ते खुशीत होते.

दसऱ्याला सकाळी त्यांनी नवा पट्टा फरशीवर अंथरून घेतला, गुण्या लावून दोन्ही टोकं काटकोनात कापून घेतली, खडूने भोकांच्या जागा आखल्या. रेघा सरळ होत्या. पट्टा चार थरांचा. दारात शेजारच्या गल्लीतली एक बाई भाजणीचा डबा घेऊन बसली होती.

"आवं तात्या, माझी भाजणी कवा व्हायची?"

"जोड बसू द्या. तुमचीच पयली."

मी ठोकळा धरला, पन्नाशीच्या जवळ आलेली मी. पहिला ठोका. दुसरा ठोका. टिकली खिडकीतून फरशीवर पडली. तात्यांनी ती उचलून उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं. मनाने ते मलकापूरला पोहोचले होते.

दुसऱ्या भोकाला चार ठोके लागले आणि टिकली खिळ्याने उपसावी लागली. तिसऱ्याला तात्यांनी दात आवळून सहा-सात ठोके मारले. भोकाच्या कडेने दोरे बाहेर आले. त्यांनी हात झटकला, पंच परत धरला, परत मारला. थर दबत होते, कापले जात नव्हते. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. दारातली बाई उठून डबा सरकवून परत बसली.

मी नवऱ्याला म्हटलं, "ड्रिल आणा."

ते शब्द माझे. सगळ्यांना मोकळं करावं एवढंच डोक्यात होतं.

तात्यांनी पंच ठोकळ्यावर ठेवला. "एका भोकापुरता हात ऱ्हायला हुता," ते म्हणाले. "झालं."

नऊ भोकं ड्रिलने पडली. दोरे ड्रिलच्या टोकाला गुंडाळले जात होते, नवरा ते ब्लेडने कापत होता. तात्या खुर्चीवर बसून बघत होते. दुपारी त्या बाईची भाजणी दळून झाली.

मलकापूरचं नाव त्यांनी परत काढलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. एकटे राहतील, पडतील, ही काळजी मिटली होती. दुसऱ्या दिवसापासून अंगणात ठोकळ्याचा आवाज बंद झाला. चहाचा कप ते डाव्या हाताने घ्यायला लागले, मग जेवणही डाव्या हाताने. विचारलं तर म्हणायचे, "ह्यो हात आता टांगल्याला हाय नुसता." संक्रांत झाली आणि पंधरा दिवसांत दुसरा झटका आला. तो त्यांना पेलला नाही. त्यांचे कपडे वाटून टाकताना एका सदऱ्याच्या खिशात एक टिकली सापडली, चिरडलेली, दोरे लोंबणारी. मी ती कचऱ्यात टाकली.

एप्रिलमध्ये, चटणीच्या हंगामात, पट्टा तुटला. जोडातूनच. तात्यांबरोबर कारखान्यात काम केलेले एक गृहस्थ मिरजेला राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी फाटलेलं टोक हातात घेऊन भोकं चाचपली.

"हे ड्रिलचं. हे बी ड्रिलचं. हे चावल्यागत हाय." मग त्यांचं बोट थांबलं. "आक्का, हे कुणी पाडलं?"

"तात्यांनी. वारं गेल्यानंतर."

"हे तर जुनंच काम हाय त्येंचं. सरळ. एक दोरा न्हाई." त्यांनी शेजारची दोन भोकं परत बघितली. "मग ही कुणाची?"

"तीही त्यांचीच. हात राहिला नव्हता."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पंच दावा बरं."

मी पंच आणून दिला. त्यांनी तोंड उजेडाकडे फिरवलं. धार आतल्या बाजूला वळली होती, आणि मागे ती निळी झाक अजून होती.

"जाळलाय की हो ह्यो. कुणी धरला मशिनला?"

मी सांगितलं.

"तात्यांनी धरू दिला?"

"त्यांना माहीत नव्हतं."

मी विचारलं, "मग पहिलं भोक कसं नीट पडलं?"

"जळल्याली धार एक भोक देती, आक्का. दुसऱ्याला वळती. मग भीम आणून बसवा, न्हाई कापायची." पंच त्यांनी पिशवीत टाकला. "पाणी पाजून आणतो उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्याची फाटकी टोकं कापून टाकली आणि नवीन भोकं पाडली. दोन ठोके, टिकली. दोन ठोके, टिकली. मी ठोकळा धरून बसले होते. बारा टिकल्या फरशीवर पडल्या, मी त्या झाडून भरल्या. ते काम करताना सांगत होते की कारखान्यात तात्या नव्या माणसाला आधी आठवडाभर नुसती धार लावायला बसवायचे. जाताना म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगा." लोक म्हणतात तसं ते म्हणाले. मीही मान हलवली.

नवऱ्याला मी त्या संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय ठाऊक?" ठाऊक होतं. कॉलेजात असताना पायरीवर बसून त्यांनी सांगितलं होतं. आणि खंडेनवमीला 'कुणाकडनं?' हेही त्यांनी विचारलं होतं. ग्राइंडरवाला, एवढा एक शब्द मी बोलले असते तर त्यांनी पंच पूजेवरून उचलला असता, मला चार शिव्या घातल्या असत्या आणि दगड आणायला पिटाळलं असतं.

पुढच्या रविवारी मी एसटीने मलकापूरला गेले. कुलूप घट्ट झालं होतं, तेल घालून उघडलं. कोंदट वास सोडला तर घरात काही बिघडलेलं नव्हतं. त्यांची खाट, वरती दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेल, कॅलेंडर. स्वयंपाकघराच्या खिडकीत दगड होता. हाताच्या तळव्याएवढा, काळा, मधोमध पंच फिरवून फिरवून वाटीसारखा खोलगट झालेला. शेजारी तेलाची लहान बाटली, अर्धी भरलेली.

तो पिशवीत टाकायला मला काही सेकंदच लागले. त्यासाठी सांगलीहून जाऊन-येऊन चार तासही लागले नाहीत.