साबुदाण्याचं छत

एर्लांगेनच्या आमच्या घरातल्या दिवाणखान्याचं छत गुळगुळीत नाही. त्यावर गिलाव्याचे पांढरे दाणे आहेत, कुणीतरी खालून मुठीमुठीने फेकून चिकटवावेत तसे. घर बघायला आलो त्या दिवशी नवरा बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "भिजवलेला साबुदाणा." तेच नाव पडलं. संध्याकाळी पुस्तक छातीवर उपडं ठेवून तो सोफ्यावर पडायचा आणि दाण्यांमध्ये चेहरे शोधायचा. मलाही दाखवायचा. गेल्या वर्षी त्याचं हृदय थांबलं. मग मी एकटीने कितीदा वर पाहिलं, पण मला नुसते दाणेच दिसले.

यंदा वसंतात लेकीला मुलगी झाली. ती बाळंतपणाला माझ्याकडे होती, आणि पणतीला बघायला सासूबाई पुण्याहून आल्या. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून पितळी कड्या काढल्या. चार साखळ्या आणि प्रत्येकीवर एक चिमुकला पोपट.

"विमानतळावर मेल्यांनी दोनदा बॅग उघडायला लावली," त्या म्हणाल्या. "पाळणा केव्हाच मोडला, पण कड्या त्याच आहेत. माझा लेक यांनाच झुलला. त्याची नातही यांनाच झुलायला हवी. खाली माझं लुगडं बांधू. तेवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की मी सुखाने परत जाते." मग वर पाहून म्हणाल्या, "हुक कुठे मारायचा?"

जावई जर्मन, इथलाच. ड्रिल घेऊनच आला होता, पण शिडीवर चढेना. दाण्यांकडे बघत त्याने मला विचारलं, "घर कधीचं?" मी म्हटलं, सत्तरच्या दशकातलं. त्याने ड्रिल खाली ठेवलं आणि लेकीने शिकवलेल्या मराठीत म्हणाला, "आजी, भोक नाही. अ‍ॅस्बेस्टॉस."

मी सासूबाईंना समजावलं. पूर्वी गिलाव्यात, भेगा बुजवायच्या लांबीत हे तंतू मिसळत. नव्वदीच्या सुरुवातीला बंदी आली, पण त्याआधीच्या घरांत ते असू शकतात. नुसतं बघून कळत नाही. आहे तसं राहिलं तर ठीक, पण खरवडलं किंवा भोक पाडलं की धूळ उडते, आणि तिच्याबरोबर छातीत गेलेले तंतू बाहेर येत नाहीत.

"साबुदाण्यात विष?"

"असेलच असं नाही, आई. तपासून घेऊ."

"म्हणजे इतकी वर्षं त्याच्याखाली बसून तुम्ही जेवलात."

"जेवलो."

"आणि आता एक हुक मारता येत नाही."

"गेनाऊ," जावई म्हणाला.

'अगदी बरोबर' म्हणायचा हा जर्मन शब्द सासूबाईंना फारच आवडला. चहा हवा का विचारलं तरी गेनाऊ, अंघोळ झाली का विचारलं तरी गेनाऊ.

तपासणीसाठी एक बाई आली. आम्ही सगळे बाळाला घेऊन बागेत बसलो. तिने मास्क लावला, खाली प्लास्टिक अंथरलं, छताचा एक कोपरा ओला केला, चिमूटभर दाणे पिशवीत बंद केले आणि ती जागा लिंपून टाकली. ती निघताना मी तिला एक प्रश्न विचारला. रात्रभर तो माझ्या डोक्यात होता. छताला दिव्यासाठी भोक नवऱ्याने स्वतःच पाडलं होतं, त्याचं काय? ती म्हणाली, जुन्या एका भोकासाठी झोप घालवू नका, फक्त नवीन पाडू नका.

मग वाट बघणं सुरू झालं. सासूबाई रोज चिंच लावून कड्या घासत. बारसं लांबलं म्हणून मधेच लेकीला टोमणा, "सरकारदरबारी नाव आधी कळवलंत आणि जिचं आहे तिला अजून पत्ता नाही!"

निकाल आला. तंतू होते. छताला हात लावायचा नाही, आणि कधी काढायचंच ठरलं तर ते काम शिकलेल्या लोकांनीच काढायचं. जावयाने फोनवर दुकानातला स्टँडचा पाळणा दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे. कपडे वाळत घालायला." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यांनी कड्या फडक्यात गुंडाळून पुन्हा बॅगेत ठेवल्या.

मी तळघरात गेले. तिथलं नवऱ्याचं कपाट मी तोवर उघडलं नव्हतं. त्याच्या जाड कोटामागे तो दांडा होता. दाराच्या चौकटीत पिळून घट्ट बसवायचा, ना खिळा ना भोक, आणि त्याला लटकून व्यायाम करायचा. त्याने तो मोठ्या निश्चयाने आणला होता. नंतर त्यावर वर्षानुवर्षं त्याचे ओले शर्ट वाळले.

जावयाने तो दिवाणखान्याच्या लाकडी चौकटीत बसवला आणि भरवशासाठी स्वतःच लटकला. सासूबाई मोजायला लागल्या. "एक... दोन... अहो जावईबापू, हनुवटी वर! तीन... चार... पुरे, पुरे. माझ्या लेकाच्या चौपट झालं!" हे बोलून त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

बारशाला दार फार सोयीचं पडलं. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला जावयाची बहीण, म्हणजे बाळाची आत्या, आणि बाळ पाळण्याच्या वरून एकीकडून दुसरीकडे, खालून परत. स्वयंपाकघरात जायचं तर प्रत्येकाला पाळण्याखालून वाकून जावं लागत होतं. आत्याने कानात नाव सांगितलं आणि मग तिचं कुर्रर्र सुरू झालं. इकडची माणसं 'र' असा घोळवतात की कड्यांवरचे पोपट उडतील असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत असं कुर्र झालं नाही!"

नंतर त्या दोरी ओढत बसल्या. पुण्याच्या घरी बसतात तशा, डोळे अर्धे मिटून. बाळ मात्र टक्क जागं होतं, लुगड्याच्या कडेवरून वर बघत. मी तिच्या शेजारी वाकले आणि ती बघत होती तिथे पाहिलं. दिव्याच्या जरा डावीकडे एक नाक होतं. लांब, टोकाला किंचित वाकलेलं.

"आई, वर बघा. हे नाक कुणाचं?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं.

"अगं, माझंच की," त्या म्हणाल्या, आणि दोरी ओढत राहिल्या.